घरी गेल्याची खूण

जिल्ह्याच्या शिबिराला मी एकदाही का येत नाही, हे विचारायला तुम्ही एवढ्या लांब गाडी हाकत आलात, म्हणून सांगते. बसा. बाबा आतल्या खोलीत आहेत, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलते.

मी स्काउटमध्ये आले ती माझ्या हौसेनं नव्हे. पथकाच्या मदतनिधीसाठी सॉसेज भाजून विकायला कुणीतरी हवं होतं, म्हणून अर्धा तास चिमटा हातात धरला. चिमटा खाली ठेवेपर्यंत माझं नाव पथकप्रमुख म्हणून लागलंसुद्धा. "एका सत्रापुरतं गं, लिनेट," म्हणणारी बाई पुढच्याच महिन्यात होबार्टला राहायला गेली. मागे राहिली अकरा मुलं आणि मी. जूनअखेर माझं प्रशिक्षण पुरं झालं नाही तर पथक बंद, असं पत्र आलं. चूल पेटवणं, गाठी, तंबू, मलमपट्टी, सगळं मी दात-ओठ खात पार पाडलं. राहिला होता मागाचा खेळ. काड्या-दगडांच्या खुणा मांडून वाट आखायची आणि दुसऱ्या दिवशी परीक्षकासमोर मुलांनी त्या वाचत जायचं.

त्यासाठी मी पेलिकन बेट निवडलं. ओहोटीला मधला वाळूचा दांडा उघडा पडतो, दहा मिनिटांत चालत पलीकडे. शनिवारी नाश्त्याला बाबांना तसं सांगितलं, तर त्यांच्या हातातला चमचा बशीत पडला.

"तिथं नको, लिन."

"का? तीनपर्यंत दांडा उघडा आहे. वेळापत्रक पाहिलंय मी. तुमच्या इंजेक्शनच्या आत घरी येते."

साखरेच्या आजारात बाबांचा एक पाय गुडघ्याखाली गेला आहे आणि नजरही अधू झाली आहे. सिरिंजवरच्या रेघा त्यांना दिसत नाहीत, त्यामुळे पाचच्या जेवणाआधीची सुई मीच देते. ती चुकली की त्यांचं काय होतं, हे मी एकदा पाहिलंय. पुन्हा बघायची माझी छाती नाही.

"इंजेक्शन गेलं खड्ड्यात," बाबा म्हणाले. "बासष्ट साली आम्ही सहा जण तिथं गेलो होतो. मी टोळीनायक. तेरा वर्षांचा, दीडशहाणा. स्किपनं माग आखला होता आणि ते शेवटच्या खुणेपाशी लपून बसले होते." स्किप म्हणजे त्यांचे स्काउटमास्तर. आमच्याकडे सगळी मुलं आपल्या मास्तरांना स्किपच म्हणतात. "धुकं उतरलं. पोरं रडायला लागली. मी म्हटलं, चला घरी. आलो."

"मग बरोबरच केलंत की."

"घरी जाताना खूण ठेवायची असते. दगडांचं वर्तुळ, मधे एक दगड. म्हणजे आम्ही घरी गेलो, शोधू नका. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं त्यांनी. मी ठेवली नाही... विसरलो नव्हतो, लिन. भूक लागली होती. कंटाळा केला. ते आम्हाला शोधत राहिले आणि भरती आली. त्यांचा बूटसुद्धा सापडला नाही."

चाळीस वर्षांत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दुसरी जागा शोधायला वेळ नव्हता आणि त्या अकरा मुलांचं पथक माझ्या एका खेळावर टांगलेलं होतं. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले.

एक वाजता बेटावर पोचले. हवा स्वच्छ, जूनमधली कोरडी थंडी. टी-ट्रीच्या झुडपांतून आत जाणारी एकच पायवाट आहे. तिच्यावर मी दर पन्नास पावलांवर काड्यांचा बाण मांडत गेले. नऊ बाण झाले. दहाव्यासाठी काड्या वेचायला वाकले आणि मान वर केली तेव्हा समोरचं झाड नव्हतं. धुकं आलं होतं. समुद्राकडून येताना दिसायला हवं होतं, पण ते जणू जमिनीतूनच वर आलं.

घाबरायचं कारण नव्हतं. आपलेच बाण उलटे वाचत परत जायचं. नववा, आठवा, सातवा सापडला. सहाव्याच्या जागी माझा बाण नव्हता. तिथं गवताच्या झुपक्याला गाठ मारून तो एका बाजूला वाकवला होता. ही जुनी पद्धत, मी फक्त पुस्तकात पाहिलेली. आणि दांड्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन काड्यांची फुली. तिचा अर्थ, इकडे नाही.

"हा काय चावटपणा?" मी मोठ्यानं म्हटलं. माझी मुलं त्या वेळी गावात फुटबॉल खेळत होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बोलले. स्वतःचा आवाज ऐकायला बरा वाटतो.

फुली ओलांडून मी सरळ चालत गेले. कुठेही वळले नाही. पाच मिनिटांनी समोर तीच गाठ आणि तीच फुली... आणि मी पुन्हा तिच्या अलीकडेच उभी. दुसऱ्यांदा पळत गेले. तिसऱ्यांदा एका हातानं झुडपं धरत, एकेक पाऊल मोजत गेले. तिन्ही वेळा तिथंच आले. घड्याळात दोन वीस झाले होते. फोनला रेंज नव्हती. दांडा बुडाला तर पुढची ओहोटी मध्यरात्रीनंतर, आणि घरात बाबा, फ्रीजमध्ये औषध, आणि त्या न दिसणाऱ्या रेघा. 

तेव्हा शिट्टी ऐकू आली. तोकडे, भराभर सूर. स्काउटमध्ये याचा अर्थ एकच, सगळे माझ्याकडे या. आधी डावीकडे, लांब. मग मागे. मग पुन्हा डावीकडे, पण जवळ. कुणीतरी थांबत थांबत, झुडपं चाळत फिरत होतं.

पायाशी पाहिलं तर तिथं आणखी एक खूण होती. मघा ती नव्हती. काड्यांचा चौकोन, त्यात तीन खडे, बाहेर बाण. तीन पावलांवर निरोप ठेवलाय. जायचं नव्हतं मला. पण बाकी सगळ्या वाटा मला फिरवून तिथंच आणत होत्या. मी तीन पावलं गेले आणि ओली माती उकरली. बिस्किटांचा गंजका डबा निघाला. आत वहीचा कोरडा कागद होता, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं:

मुलांनो, घाबरू नका. आहात तिथेच थांबा. मी येतोय.

अक्षरावरून बोट फिरवलं तर शिसं बोटाला लागलं.

मी रडले, निम्मं भीतीनं आणि निम्मं त्या माणसासाठी. एवढी वर्षं तो शोधतच होता. थांबायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी गुडघ्यांवर बसून दगड गोळा केले. घाईघाईत वर्तुळाचं अंडं झालं. मधे एक दगड ठेवला.

"मुलं घरी गेली, स्किप..."

शिट्टी थांबली. झुडपं मोडत पावलं आली आणि वर्तुळाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. मला कुणी दिसलं नाही. भिजलेल्या लोकरीचा आणि रॉकेलचा वास तेवढा आला. मग अगदी हळू, दमलेल्या माणसाचा आवाज.

"सगळी?"

"हो... सगळी."

"कुठे?"

आणि इथं माझी जीभ घसरली. मला फक्त सुटायचं होतं. तोंडात आलं ते बोलले.

"घरी... आमच्या घरी."

 मग वास विरला. फुली वाटेवरून नाहीशी झाली होती, आणि तिच्या पलीकडे, अजून पाच बाणांची वाट असायला हवी होती तिथं, वीस पावलांवर समुद्र.

दांड्यावर गुडघ्याएवढं पाणी चढलं होतं. कशी पार झाले आठवत नाही. चार वाजता घराचं फाटक उघडलं तेव्हा वेळेत आल्याच्या आनंदानं मला हसू येत होतं. पायपुसण्यापाशी ते हसू आटलं. पायपुसण्यावर ओल्या दगडांचं वर्तुळ होतं. छान गोल, माझ्यासारखं वाकडं नाही. मधे एक दगड.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. डावा हात पुढे केलेला. स्काउट डाव्या हातानं हात मिळवतात, तुम्हाला सांगायला नको. तळवा ओला होता, आणि त्यात वाळू.

"स्किप आले होते," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "रागावले नाहीत गं. म्हणाले, एक सापडला. बाकीचे पाच कुठे? लिन, तू त्यांना सगळे इथं आहेत म्हणून सांगितलंस?"

मी मान डोलावली.

"मग ते येईपर्यंत थांबतो म्हणाले. आणि मलाही म्हणाले, आहेस तिथेच थांब."

मी सुई दिली.  दुसऱ्या दिवशीचा खेळ मी फुटबॉलच्या मैदानावर घेतला आणि उत्तीर्ण झाले. पथक चालू आहे. आता अठरा मुलं आहेत.

त्या दिवसापासून बाबांनी उंबरा ओलांडलेला नाही. डॉक्टरही घरीच येतात. दगड मी दोनदा समुद्रात टाकून आले. दोन्हीदा सकाळी ते पायपुसण्यावर होते. बाबांच्या टोळीतली ती पाच पोरं म्हणजे आता देशभर पांगलेली म्हातारी माणसं. ऑगस्टमध्ये लॉन्सेस्टनहून फोन आला, त्यांच्यातला मर्व्ह वारला. दुसऱ्या दिवशी पायपुसण्यावर ओल्या बुटांचे ठसे होते. लहान मापाचे, अकरा-बारा वर्षांच्या मुलाचे. ठसे आत आलेले, बाहेर गेलेले नव्हते. मी बाबांना ते सांगितलं, तर म्हणाले, "चार राहिले."

तीन वर्षं झाली त्याला. आता एकच राहिला आहे, डग, तिकडे पर्थला. मी रोज सकाळी त्याला फोन करते. गोळ्या घेतल्या का, जिना उतरताना कठडा धरतोस का. तो वैतागतो, विचारतो, "पोरी, तुला माझी एवढी काळजी कशाला?" काय सांगू त्याला? सहा जमले की शिट्टी वाजेल आणि स्किप आपली टोळी घेऊन निघतील, हे मला कुणी सांगायची गरज नाही. टोळीचे नायक आतल्या खोलीत बसलेत. त्या वेळी मी शिबिरात तंबूच्या खुंट्या ठोकत असेन, हे व्हायला नको. म्हणून मी येत नाही.

आज सकाळपासून डग फोन उचलत नाहीये. आणि तुम्ही दार वाजवलंत, त्याच्या जरा आधी बाबांनी मला त्यांचा स्काउटचा जुना स्कार्फ इस्त्री करून मागितला.