शेवटच्या ओळीतला श्वास

मी नुसती स्वरलिपीची वही आणायला गेले होते गं. शनिवारी दुपारचे तीन. चर्च रिकामं, बाकांना ताज्या पॉलिशचा वास.

आमचे सर गेल्या महिन्यात गेले. चाळीस वर्षं त्यांनी ऑर्गन वाजवला, तीस गायकांचं कॉयर घडवलं, गीतं रचली. शेवटचं गीत मात्र एका ओळीवाचून अपुरं राहिलं. ती ओळ मी लिहिली. रविवारी ती नीट गायली गेली, तर सरांची जागा माझी. नाहीतर समितीतले काका बाहेरून माणूस आणणार होते.

"कालची पोर तू. सरांच्या गीताला शेपूट लावणार?"

"शेपूट तुमच्या समितीला लावा काका, मी गीत पूर्ण करतेय."

तोंड चालवलं खरं, पण आदल्या दिवशीच्या तालमीत कॉयर त्या ओळीवर तीनदा कोसळलं होतं. का, ते कळत नव्हतं.

ऑर्गनची मोटर लावली. ओळ वाजवली. बोटं सुरेख धावली. पुन्हा वाजवली, आणि मध्येच... माझ्या पाठीमागे कोणीतरी श्वास घेतला. एकाचा नव्हे. तीस माणसं एकदम घेतात तसा, खोल, ओलसर.

"कोण आहे...?"

बाकं रिकामी.

तरी तिसऱ्यांदा वाजवली. त्याच जागी... तोच श्वास. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला! बोटांना दम लागत नाही, गळ्यांना लागतो! ओळभर मी श्वासाला जागाच ठेवली नव्हती. पेन्सिलीनं तिथे खूण केली. भीती कसली, मला नाचावंसं वाटत होतं!

रविवारी गीत असं उठलं की काकांनीही डोळे टिपले. "जागा तुझी, बाई," म्हणाले.

मी धावत कॉयरमधल्या सगळ्यांत जुन्या मावशींकडे गेले. वाजवताना हात अडकलेले, म्हणून श्वासाचा इशारा मी मानेनंच दिला होता, सर द्यायचे तसा.

"मावशी, काय एकदम उचललंत! माझी मान नीट दिसली ना?"

त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्याकडे कोण बघत होतं, पोरी..."

"मग कोणाकडे?"

त्यांनी ऑर्गनकडे पाहिलं. मागोमाग सगळ्या कॉयरनं. माझ्या रिकाम्या आसनाच्या हातभर वर, तीस जणांची नजर एकाच ठिकाणी थांबली.

आणि कोणीही न सांगता... सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.