शेपटीवाला पतंग

"हा तुमाले नाही देत मी."

नागपूरच्या जुनी शुक्रवारीतल्या त्या पतंगांच्या दुकानात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं, आणि तिथल्या तरुणानं माझ्या हातातला काळा, परातीएवढा पतंग अलगद काढून घेतला.

"विकायलाच ठेवलाय ना?"

"हो. पण आधी बोटं दाखवा."

मी हात पदराखाली लपवले. तो हसला... नुसत्या डोळ्यांनी. "दोऱ्याचा एक घट्टा नसंल तुमच्या बोटांवर. हा वाऱ्यात ओढायले लागला, तर तुमालेच घेऊन जाईल. मग नत्थूजीमामा विचारतील, गिऱ्हाईक कुठं गेलं?"

त्याचं नाव मुकुंद. सोनेगावच्या वेधशाळेत नोकरीला. रोज पहाटे फुगा सोडून वारा मोजायचा आणि जानेवारीच्या संध्याकाळी मामाच्या दुकानात बसायचा.

"उडवणार कोण?"

"मी. पण वडिलांसाठी," मी हळूच म्हटलं. "नानाजी फार नामी उडवायचे. उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडून असतात. आभाळाकडे बघतच नाहीत... संक्रांतीला एकदा तरी त्यांनी वर बघावं."

त्याचं हसू मावळलं. मग एकेक पतंग तो डोक्यावर धरून वाकवून पाहू लागला, अगदी हलक्या हातानं, काडीच्या आवाजाला कान देऊन. आमच्या देवघरातही इतक्या मनापासून कोणी काही हाताळत नसेल.

"संक्रांतीले सकाळी वारा मेलेला राह्यते. दहानंतर उत्तरेकडून येईल, तोही लाजत लाजत. जाड काडीचा उठणार नाही, मोठा तुमाले आवरणार नाही. हा घ्या. कागद पातळ, काडी नरम." त्यानं खाली कागदाची लांब पट्टी चिकटवली.

"शेपटी? ती तर लहान मुलांच्या..."

"पयल्या वर्षी सगळेच लहान. अन् मांजा?"

"मांजा नको. साधा दोरा द्या." मी मान खाली घातली. "यंदा संक्रांत सोमवारी आहे. नानाजी आजारी पडल्यापासून सोमवारी मी काहीच कापत नाही. विळीलासुद्धा शिवत नाही."

"मग सोमवारी जेवता काय?"

"उपास असतो."

वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. साध्या दोऱ्याची चक्री पुढे करत म्हणाला, "अख्खं नागपूर कापायले बसलं राह्यते. पाच मिनिटं टिकणार नाही हा."

"टिकेल तेवढा टिकेल."

"गच्ची कुठं तुमची?"

"ते कशाला?"

"वारा कसा लागेल, ते पाहा लागते."

मी सांगितलं. रामदासपेठ, कोपऱ्यावरचं कडुलिंबाचं घर. परतताना वाटभर मनात येत होतं — वाऱ्याला इतका नीट पत्ता लागतो?

संक्रांतीला शेजाऱ्यांनी नानाजींना धरून गच्चीवरच्या खाटेवर आणलं. दहा वाजता कडुलिंब हलला. उत्तरेकडूनच! पतंग डगमगला, शेपटीनं सावरला आणि वर गेला.

नानाजी कठड्याकडे तोंड करून होते. मान किंचित वळली. "शेपटी कोणं लावली वं?"

"दुकानातल्यानं."

"हुशार हाय."

एवढ्यात एक लाल पतंग आमच्यावर झेपावला. मी डोळे मिटले, शंकराचं नाव घेतलं... मागच्या गल्लीतून आरोळी आली, "ओ काट!" डोळे उघडले, तर लाल पतंग कडुलिंबावरून वाहत चालला होता. आमचा वरच. आणि शेजारी तो काळा, परातीएवढा.

दुसरा आला, कापला गेला. तिसराही. काळा पतंग आमच्याभोवती फिरत होता, पण आमच्या दोऱ्याला त्यानं एकदाही स्पर्श केला नाही.

"कोणी तरी आपला पतंग राखून राहिला," नानाजी पुटपुटले. आता ते सरळ वर बघत होते. मग त्यांनी डावा हात पुढे केला. "दे इकडं."

संध्याकाळी मुकुंद जिना चढून आला. बोटांना चिंधी, नजर चपलांवर. पतंगाचा दोरा अजून नानाजींच्याच हातात होता.

"कुठून उडवत होता गा?"

"मागच्या गल्लीतल्या माझ्या दोस्ताच्या, ओमप्रकाशच्या गच्चीवरून."

"किती काटले?"

"नऊ."

"इतका जवळ असून पोरीच्या दोऱ्याले घासला नाहीस."

"घासलो असतो तर तुटला असता तो, नानाजी."

मी वाटीत हळद आणली, तिळाचा लाडू दिला. चिंधी सोडली, तर बोटांवर मांज्याच्या बारीक चिरा होत्या. मी त्यांवर हळद लावली.

"माझ्या सोमवारी इतकं कापलंत," मी कुजबुजले. "त्याचं पाप कोणाला?"

"मलेच. मी कुठं उपास धरला होता?" मग आणखी हळू आवाजात, "पुढची संक्रांत मंगळवारी हाय. पंचांग पाहून आलो. मांजा चालेल तुमाले. चक्री धरायले कोणी तरी लागंल..."

"तुम्ही धराल?"

"म्हटलं तर... दरवर्षी."

मी चिंधीची गाठ मारली. ती काही केल्या नीट बसेना. "नानाजींना विचारा," मी म्हटलं.

खाटेवरून आवाज आला, "मले काहून विचारता? मी आभाळ पाहून राहिलो."