डोळस माशांचा डबा

गुहेच्या तळाशी एक तळं होतं. त्यातल्या माशांना डोळे नव्हते, आणि ते का गेले हे शोधायलाच भाची मामाला घेऊन तिथं उतरली होती. मामानं उभा जन्म विहिरी खोदण्यात घालवलेला; दगडाची आणि दोराची नस त्याला पक्की ठाऊक.

"अंधारात राहून डोळे विझले, एवढंच ना?" त्यानं पहिल्याच दिवशी निकाल लावून टाकला.

"असे विझत नाहीत, मामा. डोळा पोसायला अन्न लागतं, आणि इथं अन्नाची मारामार. ज्यांचे डोळे जन्मतःच बारीक, ते तगले. त्यांचीच पिल्लं वाढली. असं हजारो पिढ्या!"

हे पडताळायला शेजारी डोळस मासेही हवेत, त्याच थंडीत आणि त्याच अंधारात. म्हणून तिनं नदीतले बारा मासे डब्यात घालून आत आणले होते. सहा दिवस दोन्हीकडच्या माशांची वजनं झाली. उपाशीपोटी नदीतले भराभर वाळत होते, तळ्यातले जेमतेम. भाची जाम खुशीत होती.

सातव्या दिवशी भिंतीच्या भेगांतून पाणी फुटलं! वर कुठंतरी पाऊस कोसळला होता. मामा दोरावरून वरच्या कपारीत पोचला. पाठोपाठ भाची निघाली आणि घसरली. डबा दगडावर आपटला. झाकणाची कडी तुटली!

"ओत तो डबा! दोन्ही हातांनी दोर धर!" मामा ओरडला.

"नाही! हे तळ्यात मिसळले तर हजारो पिढ्यांचं वेगळेपण संपेल!"

"अगं, आधी तूच संपशील!"

पाणी छातीला लागलं. एक हात दोराला, एक झाकणावर. खांद्यावरच्या पिशवीत वजनकाटा, वह्या, सहा दिवसांची मेहनत. एवढं ओझं घेऊन चढणं शक्यच नव्हतं. तिनं दातओठ खाऊन खांदा झटकला. पिशवी गेली!

"ओढ, मामा!"

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. तिनं मासे मोजले. अकरा! पुन्हा मोजले. अकराच! मामानं झाकण उलटं केलं. आतल्या ओल्या जाळीला चिकटून बारावा तोंडाची उघडझाप करत होता.

भाची हमसून हमसून रडली आणि मग हसतच सुटली.

"वह्या गेल्या की गं," मामा हळहळला.

"जाऊ देत. तळ्यातले मासे होते तसेच राहिले, हेच पुष्कळ. पाणी ओसरलं की पुन्हा उतरू. नदीतले मासे मात्र वरच, अंधाऱ्या, तेवढ्याच थंड खोलीत ठेवायचे. आत नेले हीच माझी चूक."

मामा खांदे चोळत म्हणाला, "हे आठवडाभर आधी सुचलं असतं, तर फक्त तुलाच ओढावं लागलं असतं!"