चित्र कुठेच अडकलं नव्हतं

वॉफल संपवा आधी. नंतर घशाखाली उतरायचे नाहीत. आणि सुनिव्हा, तू दात काढू नकोस. ही आमच्या गाउतेची गोष्ट आहे. एका खोलीत वर्षानुवर्षं काम केलंय आम्ही. खोटं सांगून मला काय मिळणार?

नोव्हेंबरातला गुरुवार, रात्रीचे पावणेअकरा. इथेच, त्रोंधेममध्ये. नदीकाठच्या पिवळ्या लाकडी घराच्या तळघरात तेव्हा आमची प्रयोगशाळा होती. गाउते एवढ्या रात्री तिथे गेला, कारण एका बाईने दिलेले गुण खोडायचे राहिले होते आणि सकाळी निकाल पाठवायचा होता.

काम तुम्हाला ठाऊकच आहे. माणसं बोलवायची, इंटरनेटवरून येणारे व्हिडिओ दाखवायचे. कुठे अडकतं, कुठे धूसर होतं ते बघून त्यांनी एक ते पाच गुण द्यायचे; एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे निर्दोष. मध्येच एक अगदी निर्दोष व्हिडिओ गुपचूप घुसवायचा. त्याला कुणी 'वाईट' म्हटलं की तो माणूस बेभरवशाचा. त्याचे सगळे गुण बाद.

त्या दुपारी बोरघिल्ड नावाची सत्तरीची बाई आली होती. निर्दोष व्हिडिओला तिने एकच गुण दिला. "मध्ये मध्ये थांबतंय रे," म्हणाली.

गाउते सगळ्यांसमोर म्हणाला, "आजी, व्हिडिओ नाही, तुम्हीच अडकलात! घरी जाऊन मस्त डुलकी काढा."

खोलीभर हशा. तीही हसली, पण कानापर्यंत लाल होऊन. "तसंच असेल बाबा," म्हणाली. कोटाची बटणं नीट लागत नव्हती तिला. कुणी लक्ष दिलं नाही.

तर, गुण खोडण्याआधी तो व्हिडिओ स्वतः एकदा बघायचा, असा आमचा नियम. गाउते बघणाऱ्याच्या खुर्चीत बसला. फियोर्डच्या खाडीतून एक फेरीबोट चाललेली. वर पांढरे समुद्रपक्षी.

बोट थांबली.

पक्षी हवेतच राहिले. गाउते वैतागला, हात पुढे करायला गेला... हात हलेना. संगणकाच्या पंख्याची घरघर... तीही बंद. श्वास अर्धा आत. अर्धा...

मागून कुणीतरी हळूच विचारलं, "दिसलं?"

आणि बोट चालू लागली.

त्याने वळून पाहिलं. कुणी नाही. संगणकातली व्हिडिओची नोंद उघडली. व्हिडिओ कुठेच अडकला नव्हता.

म्हणजे दुपारी थांबलं होतं ते बोरघिल्डच्या आत, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. वेळ बघितली नाही, काही नाही, सरळ तिच्या घरी फोन लावला. तिच्या मुलाने उचलला.

"आई संध्याकाळी गेली," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात. मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणतात, आधी इशारे मिळाले असणार. क्षणभर सगळं थांबल्यासारखं होतं म्हणे माणसाला. वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर..."

मुलगाच पुढे विचारू लागला.

"तुमच्याकडे आली होती ना दुपारी? काही बोलली का हो? कुणाला तरी सांगितलं असेल ना तिने?"

...

"हॅलो?"

गाउतेने फोन ठेवून दिला. 'हो, मला सांगितलं होतं,' एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही. मला हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता. "ऑडवार," म्हणाला, "भूत परवडलं रे. त्या पोराला मी उत्तर दिलं नाही, त्याची लाज वाटते. मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

त्या रात्री फोन ठेवल्यावर तो परत त्याच खुर्चीत बसला. मग रिकाम्या खोलीला उद्देशून म्हणाला, "चुकलो, आजी. थांबलं होतं. मी पाहिलं."



खुर्चीजवळचा, गुण द्यायचा छोटा पडदा उजळला. तिच्या नावापुढचा एक पुसला गेला होता.

तिथे पाच होते.