गर्दीच्या तासातले तेरा

आकडेशास्त्री पावणेदहाला एक्स्चेंजमध्ये आला, डबा खिडकीत ठेवला आणि मोजणीची वही उघडली. हे नाव त्याला सहकाऱ्यांनी ठेवलं होतं. कुठल्या मार्गावर तासाला किती फोन येतात, किती लागतात, किती परत फिरतात, हे मोजण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. त्याच्या आकड्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

आजचं काम म्हटलं तर डाव्या हाताचा मळ. खाणीपलीकडचं छोटं एक्स्चेंज आठ महिन्यांपूर्वी बंद झालं होतं. इमारतीला कुलूप, वीज तोडलेली. तिकडून येणाऱ्या दहा लाइनींपैकी आठ कापून झाल्या होत्या. उरलेल्या दोनवर गर्दीच्या तासात, म्हणजे दहा ते अकरा, सात दिवस शून्य भरलं की त्याही काढायच्या. सहा दिवस त्याने वहीत शून्य लिहिलं होतं. परत फिरलेले फोन मोजणारा काउंटर मात्र रोज तेरा दाखवत होता.

"दादा, वायरीने ओल धरली असेल," रॅक सांभाळणारी तंत्रज्ञ म्हणाली. अंगाने काडी, म्हणून तिला सगळे बारकी म्हणत. "पण रोज तेराच कसे हो? ओलीला काय मोजता येतं?"

"तू जा, चहा घेऊन ये."

बारकी त्याच्याकडे बघत बघत गेली.

खाई त्याला खवखवे. तेरा हा आकडा त्याच्या काळजात रुतलेला होता. चार वर्षांपूर्वी तिकडून सहाच लाइनी होत्या आणि गर्दी दिसल्याशिवाय वरचे साहेब नव्या मंजूर करत नव्हते. मग मोजणीच्या आठवड्यात याने दोन लाइनींना बंदच्या पिना खोचल्या. चारांवर सहांचा भार पडला, फोन परत फिरू लागले, आकडा फुगला. ही लबाडी या धंद्यात सगळेच करायचे. एका तासाने कुणाचं काय बिघडतं?

त्याच तासात खाणीपलीकडे त्याची थोरली बहीण छाती दाबून त्याच्या घरी फोन लावत होती. त्याची बायको नर्स. गाडी काढून दहा मिनिटांत पोचली असती. ताईने तेरा वेळा नंबर फिरवला आणि तेराही वेळा एंगेज. आई गेल्यावर जिने त्याला घास भरवून मोठं केलं, ती हातात रिसीव्हर धरून गेली. पहिला प्रयत्न दहा वीसला, शेवटचा दहा सत्तेचाळीसला. एक्स्चेंजच्या कागदावरची ती नोंद त्याने फाडून टाकली. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. पुढे नव्या चार लाइनी आल्या, पण त्या दोन पिनांना हात लावायची हिंमत त्याला झाली नाही. त्या अजून तिथेच, या उरलेल्या दोन लाइनींवर होत्या.

दहा वीसला काउंटर वाजला. टक.

बाहेर आभाळ दाटलं होतं. रॅकमधून तापलेल्या धुळीचा आणि जुन्या रबराचा वास येत होता. दोन-सव्वादोन मिनिटांनी पुन्हा टक. मग पुन्हा. बाराव्याला त्याच्याने राहवेना.

"ताई... पुरे ग," तो पुटपुटला आणि वरची पिन त्याने उपटून काढली.

तेरावा ठोका पडला नाही. त्याऐवजी लाइनीवरचा दिवा लागला.

त्याने ऐकायचं यंत्र कानाला लावलं. दूर कुठेतरी घंटी वाजत होती. मग कुणीतरी फोन उचलला.

"हॅलो?"

त्याची मुलगी. सहा वर्षांची. कालपासून ताप होता म्हणून घरी होती.

"कोण?... आत्या?... आई औषध आणायला गेलीय."

पलीकडून शब्द येत नव्हता. नुसता श्वास, अडकत अडकत चाललेला. तो श्वास त्याने ओळखला.

"छकुले, ठेव! फोन ठेव!" तो ओरडला. त्या यंत्रातून फक्त ऐकू येतं, बोलता येत नाही, हे बावीस वर्षांत तो पहिल्यांदाच विसरला.

"हो... सांगते बाबांना. वरची काढलीत... आता खालची पण काढा." मुलगी जरा थांबली. "का ग आत्या?... मागे खूप जण खोळंबलेत?"

त्याने यंत्र फेकलं, टेबलावरच्या फोनवरून घरचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. त्याला रडू फुटलं. वही ओढून त्याने सहाही शून्यांवर काट मारली, प्रत्येकासमोर तेरा लिहिलं आणि खाली लिहिलं: कारण, मी लावलेल्या पिना. मग पुन्हा नंबर फिरवला.

बारकी चहा घेऊन दारात उभी होती.

"दादा... हा काउंटर..."

टक. टक. टक. काउंटर तेराच्या पुढे गेला होता. चाळीस, बेचाळीस, पन्नास. खालची पिन जागच्या जागी हळूहळू हलत होती, कुणीतरी मागून ढकलावी तशी.

त्याने पाहिलं, पण फोन सोडला नाही. घरचा नंबर तो अकराव्यांदा फिरवत होता.