जपानी ढोलकऱ्याची चावी

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर रेडीला चला... वैशाखातली दुपार आहे. बंदरापलीकडे, निळ्या धुक्यात तरंगल्यासारखी, खनिज न्यायला आलेली जपानी बोट उभी आहे. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांना पावसाळ्याआधी मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल पाजलं जातंय, आणि त्या तेलाचा उग्र वास माडांमधून हळूहळू एका कौलारू घरात शिरतोय. त्या घरात दोन जावा राहतात, दोघी विधवा. छप्पर एक, पण चुली दोन! धाकट्या सीतेची दहा वर्षांची हिरा मात्र दोन्ही चुलींवर जेवते.

आज थोरली तुळसा गाठोडं बांधत होती. मासे विकून विकून तिचे हात खरखरीत झाले होते. संध्याकाळच्या गाडीने ती माहेरी तोंडवलीला जाणार होती, कायमची. "चोरटी" हा शब्द नऊ वर्षं ऐकून ते सोशिक मन आता थकलं होतं...

"काकी, ह्यां काय गो?" हिराने लुगड्याच्या घडीतून एक वस्तू ओढून काढली. वीतभर उंचीचा पत्र्याचा पोरगा! गोल गाल, कपाळाला पट्टा, गळ्यात ढोल, पाठीत चावी. हिराने चावी फिरवली मात्र, ढोल वाजू लागला... टम्, टम्, टम्...

तो आवाज ऐकताच सीता स्वयंपाकघरातून धावत आली.

"ह्यां माझ्या घोवाचां! बाय, तू विकलंस म्हणान सगळो गाव सांगता, आणि हयसर लपवन ठेवलंस? आता माहेराक घेवन चललंस?"

तुळसाने मान खाली घातली. "तां न्हय गो ह्यां. शिरोड्याच्या बाजारातसून आणलंय, हिरासाठी."

"खोटां! हिरा, भाईंका बोलाव. आज निवाडो होऊन जाऊ दे!"

भाई शेजारीच राहत. बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले, घड्याळं दुरुस्त करणारे शांत गृहस्थ. विश्रामला, म्हणजे हिराच्या बापाला, ते ओळखत. विश्राम पडावावर होता, खनिज बोटीपर्यंत पोचवायचा. एकदा पाण्यात पडलेल्या जपानी खलाशाला त्याने वर ओढलं, तेव्हा खलाशाने आपल्या पेटीतलं हे खेळणं त्याच्या हातात ठेवलं होतं. पुढे हिरा वर्षाची असताना पडाव उलटला आणि विश्राम गेला...

भाईंनी येऊन भिंग डोळ्याला लावलं. हिरा त्यांच्या गुडघ्याला खेटून बसली.

"हे बघ बाळ, तळाशी बारीक इंग्रजी अक्षरं आहेत. परक्यांच्या ताब्यातल्या जपानात बनवलेलं, असं लिहिलंय. लढाई हरल्यावर काही वर्षं त्यांच्यावर परक्यांचा अंमल होता, तेव्हाच हा शिक्का मारत. म्हणजे हा ढोलकरी बावन्न सालाच्या आधीचा. असला माल शिरोड्याच्या बाजारात कधी आला नाही."

तुळसाने हात पुढे केला. "भाई, पुरे आता. ठेवा तां..."

"किंमत काय हो ह्याची?" हिराने विचारलं.

"मुंबईत शौकीन असतात, ते महिन्याचा पगार देतील. पण कशासाठी ते बघ. रंग बघ, काल दिल्यासारखा! आपल्या खाऱ्या हवेत पत्रा कधी टिकतो का?" भाईंनी तळाच्या दुमडलेल्या पट्ट्या चाकूने अलगद उचकटल्या. पोटातून वाळू गळली, चिमूटभर. "हा समुद्रात पडला होता. कुणीतरी त्याच दिवशी काढून गोड्या पाण्याने धुतला, वाळवला. आणि वास घे... मुशीचं तेल! होडीला लावतात तसं दर वर्षी कुणीतरी लावलंय. म्हणून याला किंमत आहे."

सीतेने ती वाळू बोटावर घेतली, आणि जणू स्वप्नात पाहावं तसं तिला सारं दिसू लागलं... विश्रामच्या तेराव्याचा दिवस. मांडीवरच्या पोरीपुढे वाजणारा तो ढोल, टम्, टम्... आणि वेड्यासारखी धावत समुद्राकडे गेलेली ती स्वतः! हात उगारलेला... खेळणं लाटेत... आणि मागून कमरेएवढ्या पाण्यात कुणीतरी शिरलेलं. मग ताप. मग काहीच नाही...

"बाय!" ती किंचाळली. "तां मी फेकलंय? माझ्या ह्याच हातान?"

तुळसाने पदराने तिच्या बोटावरची वाळू पुसली.

"नव वर्सां मी तुका चोरटी म्हटलंय! चूल येगळी केलंय! एक शब्द तरी कित्याक सांगलंस नाय गो?"

"तू तापान फणफणत होतंस," तुळसा हळूच म्हणाली. "मगे तू विचारलंस, खेळणां खंय गेलां? घोवाची शेवटची वस्तू आपणच फेकलंय ह्यां कळलां असतां, तर तू जगलं असतंस? बापूस तर गेलोच, ह्या चेडवाक आवस तरी होई होती. माका काय... चोरटी म्हणान कोणी मरणा नाय."

सीता तिच्या पायांवर कोसळली. तुळसाने तिला उठवून छातीशी धरलं, आणि नऊ वर्षांचे अश्रू दोघींच्या पदरांतून एकत्र वाहिले. भाईंनी भिंग पुसायला घेतलं.

"पण गाडयेची येळ झाली गो," तुळसा डोळे पुसत म्हणाली. "भाऊ वाट बघीत आसतलो." तिने गाठोड्याकडे हात नेला. सीतेला थांब म्हणायचं होतं, पण नऊ वर्षं जिला घालवू पाहिलं, तिला कोणत्या तोंडाने थांबवावं?

आणि मुलांनो, हिराने काय केलं, ठाऊक आहे? तिने ढोलकऱ्याला उचलून आईच्या मांडीवर ठेवलं. मग त्याच्या पाठीतली चावी काढली, काकीच्या पदराचं टोक ओढलं, आणि घरच्या किल्ल्या बांधतात तशी ती चावी त्यात बांधली. एक गाठ, दोन गाठी, तीन... आता काकीशिवाय ढोल वाजणार नव्हता.

मग ती दोन चुलींमधल्या दारात बसली आणि काकीला म्हणाली, "वाजव."