हवाबंद

धाकट्या बहिणीचं पत्र हिवाळ्याच्या सुरुवातीला आलं होतं. ‘दादा, एकटीला आता इथे करमत नाही. तुझ्या मागच्या खोलीत येऊन राहू का?’ मी उत्तरच दिलं नाही. वाचनात जन्म घालवूनही मला चार ओळी सुचत नाहीत, हे एक. दुसरं म्हणजे त्या खोलीतली थंडी. तिचे सांधे तिथे टिकले नसते, आणि नाही म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती.

म्हणून पुतण्याला बोलावलं. तो जुन्या घरांत हीट पंप बसवतो. थंडीत बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारं, उन्हाळ्यात आतली बाहेर फेकणारं यंत्र. जुन्या घरांचा आणि जुन्या माणसांचा त्याला मनापासून तिटकारा.

“काका, हे घर आहे की चाळणी? आधी फटी बुजवू. नाहीतर गल्ली तापवत बसाल.”

त्याने पुढच्या दारात भलामोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचायला सुरुवात केली. मग धुराची कांडी घेऊन भिंतीभिंतीने फिरला. बाहेरची हवा आत शिरून धूर हलेल तिथे फट. मी पुढे होऊन पुस्तकं सरकवत होतो.

“ही वाचता, की भिंतीला ऊब म्हणून रचलीत?”

मी हसलो. असल्या माणसापुढे हसणारा त्याच्याहून क्षुद्र.

मागच्या खोलीत कपाटामागे केसाएवढी फट निघाली. धूर आमच्याकडे आला. मग भिंतीत परत गेला. पुन्हा आला.

“वाऱ्याचा झोत,” तो म्हणाला.

“पण ही आतली भिंत आहे. आणि पंखा तर एकाच बाजूला ओढतोय ना?”

“तुम्ही कादंबऱ्या वाचा, काका.”

त्याने फटीत फोम भरला. तो फुगून घट्ट बसला. धूर थांबला. स्वारी छाती काढून पाइप आणायला गाडीकडे गेली.

मी भिंतीला हात लावला. कोमट. यंत्र अजून खोक्यातच होतं.

तो परतला तोवर भिंत तापातल्या कपाळासारखी झाली होती. त्यानेही हात लावला. लगेच काढला.

फोम आत ओढला गेला. बाहेर फुगला. आत. बाहेर. घाईघाईने.

“सामान उद्या नेतो,” एवढंच म्हणून तो पळाला, पंखा दारातच टाकून. एवढा तोरा, पण उंबऱ्यापर्यंतही टिकला नाही. आता फोन उचलत नाही.

मी पळालो नाही, ते शौर्य नव्हे. मला जायला दुसरं घर नाही. आणि कशाचाही जीव घ्यायची माझ्यात धमक नाही.

भाजीची सुरी आणून मी फोम उकरला. सगळा.

मनगटावर एक लांब, उबदार श्वास आला.

मग मात्र शब्द सुचले. ‘येऊ नकोस. मागची खोली रिकामी नाही.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट सोडलं. बाहेर बोटं बधिर करणारी थंडी होती. पेटीच्या फटीतून कोमट हवा आली.

मग परत आत गेली.